अल्प भाडे, अधिक भाडे आणि पोटभाडेकरूचा हक्क



इतवारीतून एका भगिनीचे पत्र आले आहे. नाव-पत्ता छापू नये अशी त्यांची विनंती आहे आणि ती रास्तच आहे. म्हणून ओळख पटेल असा तपशील वगळून पत्राचा आशय तेवढा देतो. त्यांचे यजमान एका घाऊक पेढीवर हिशेबनीस आहेत. पाच वर्षांपूर्वी हे कुटुंब वऱ्हाडातून नागपुरास आले, तेव्हा समाजातीलच एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी जुन्या वाड्यातील माडीवरच्या दोन खोल्या त्यांना राहावयास दिल्या. दरमहा ९,००० रुपये भाडे आणि १ लाख रुपये अनामत ठरली. कागद केला नाही. ‘आपण घरचेच, कागद कशाला’ एवढ्या शब्दावर व्यवहार झाला. गेल्या महिन्यात वकिलाची नोटीस आली तेव्हा कळले की, वाडा त्या गृहस्थांचा नव्हेच. तो एका धार्मिक विश्वस्त संस्थेचा आहे, गृहस्थ तिचे फार जुने भाडेकरू आहेत आणि या दोन खोल्यांचे ते संस्थेला महिन्याला २८० रुपये देतात.

भगिनी विचारतात, “काकासाहेब, पाच वर्षांत आम्ही एक महिनाही भाडे थकवले नाही. भाडेकरूंना कायद्याचे संरक्षण असते असे आपण याच सदरात लिहिले होते. ते संरक्षण आम्हाला नाही का? आणि ज्या खोल्यांचे भाडे २८० रुपये आहे, त्यांचे आमच्याकडून ९,००० घेणे हे कायद्याला चालते का?”

दोन्ही प्रश्न नेमके आहेत. उत्तरे मात्र त्यांना रुचतील अशी नाहीत, हे आधीच सांगून ठेवतो.

प्रथम हिशेब मांडू, कारण आपल्या वाचकांना आकड्यांची भाषा लवकर कळते. पाच वर्षांत या कुटुंबाने त्या गृहस्थांना ५ लाख ४० हजार रुपये दिले. त्यांतील १६ हजार ८०० रुपये संस्थेच्या खतावणीत जमा झाले. उरलेले ५ लाख २३ हजार २०० रुपये ज्यांच्याकडे राहिले, त्यांच्या मालकीची त्या वाड्यातील एक वीटही नाही. वाड्याची डागडुजी, महापालिकेचा मालमत्ता कर, पावसाळ्यात कौले चाळून घेणे हा सारा खर्च संस्थेचा. हा फरक कोणाचा, हाच खरा प्रश्न आहे आणि कायदा त्याचे उत्तर थोड्या वळणाने देतो.

जुन्या नागपुरातील भाडी एवढी अल्प का, हे नव्या पिढीला ठाऊक नसते. दुसऱ्या महायुद्धानंतर शहरांत जागेची भीषण टंचाई झाली. नागपूर त्या वेळी मध्य प्रांत व वऱ्हाडची राजधानी होते. त्या प्रांताने १९४६ मध्ये जागा भाड्याने देण्याचे नियमन करणारा कायदा केला आणि त्याच्या आधारे १९४९ मध्ये घरे भाड्याने देणे व भाडे नियंत्रण यासंबंधीचा आदेश काढला. जुने वकील त्याला आजही नुसते ‘रेंट कंट्रोल ऑर्डर’ म्हणतात. या आदेशाखाली घरमालकाला भाडेकरूस परस्पर नोटीस देता येत नसे. आधी भाडे नियंत्रकापुढे अर्ज करून लेखी परवानगी मिळवावी लागे, मग नोटीस, मग दिवाणी दावा. परवानगीची कारणेही मोजकीच होती. रिकाम्या झालेल्या जागेची वर्दी जिल्हाधिकाऱ्यांकडे द्यावी लागे आणि ती जागा ते सरकारी नोकरास किंवा फाळणीनंतर आलेल्या निर्वासितास देववू शकत. त्यामुळे ‘जागा रिकामी ठेवण्यापेक्षा ओळखीचा भाडेकरू बरा’ असे म्हणून मालकांनी वर्षानुवर्षे जुनीच भाडी चालू ठेवली.

१९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला, तरी भाड्याच्या बाबतीत नागपूरचा कायदा निराळाच राहिला. मुंबई-पुण्यास १९४७ चा मुंबई कायदा, मराठवाड्यास हैदराबादचा १९५४ चा, आणि आपल्याला १९४९ चा आदेश, अशी एका राज्यात तीन व्यवस्थांची संसारयात्रा चालली होती. डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मालपे विश्वनाथ आचार्य यांच्या प्रकरणात मुंबई कायद्यासंबंधी स्पष्ट सांगितले की, १९४० च्या सुमारास गोठवलेली भाडी तशीच ठेवणे काळाच्या ओघात अन्यायाचे व मनमानीचे झाले आहे. त्यानंतर महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा एकच कायदा साऱ्या राज्यासाठी झाला आणि ३१ मार्च २००० पासून अमलात आला. जुन्या भाडेकरूचे संरक्षण त्याने काढले नाही. भाडे वर्षाला ४ टक्क्यांनी वाढविण्याची मुभा मालकाला दिली, एवढेच. शंभर रुपयांवर चार रुपये. कित्येक मालक तेवढेही मागत नाहीत, विश्वस्त संस्था तर नाहीच नाही. समाजातल्या माणसाकडे चार रुपयांसाठी तोंड कसे वेंगाडावे, ही त्यामागची भीड.

आता भगिनींच्या पहिल्या प्रश्नाकडे येतो. कायद्याने संरक्षण दिले आहे ते ‘भाडेकरू’ला. या शब्दात पोटभाडेकरूही येतो, परंतु तो घरमालकाच्या संमतीने किंवा करारातील परवानगीने ठेवलेला असला तरच. कलम २६ म्हणते की, करारात तशी मोकळीक नसेल तर भाडेकरूने जागा किंवा तिचा भाग पोटभाड्याने देणे, परवान्याने वापरावयास देणे, अथवा आपला हक्क कोणत्याही रीतीने दुसऱ्याकडे सोपवणे बेकायदेशीर आहे. आणि तसे केले तर कलम १६ च्या पहिल्या पोटकलमातील खंड ‘ङ’ प्रमाणे मालकाला मूळ भाडेकरूविरुद्ध जागा खाली करून मागण्याचा हक्क मिळतो. घरमालकाने स्वतःच्या गरजेसाठी जागा मागितली तर न्यायालय दोन्ही पक्षांच्या अडचणीची तुलना करते; येथे तशी तुलना नाही. थकबाकीच्या दाव्यात समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत १५ टक्के व्याजासह रक्कम भरली की भाडेकरू वाचतो. येथे तसे प्रायश्चित्तही नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्ये गजानन दत्तात्रय यांच्या प्रकरणात, मुंबई कायद्यातील याच धर्तीच्या कलमाचा अर्थ लावताना, याहून पुढे जाऊन सांगितले की, दावा दाखल होण्यापूर्वी पोटभाडेकरू निघून गेला तरी झालेला दोष पुसला जात नाही.

येथे एका तारखेविषयी सावध करतो. मुंबईच्या नातेवाइकांकडून ‘जुन्या पोटभाडेकरूला कोणी हात लावू शकत नाही’ असे आपण ऐकतो. ते अर्धसत्य आहे. मुंबई कायद्याच्या क्षेत्रात १ फेब्रुवारी १९७३ या दिवशी कब्ज्यात असलेल्या पोटभाडेकरूंना कायद्याने अभय दिले होते. विदर्भाला ती तारीख लागू नाही. आपल्याकडे नव्या कायद्याचा हा खंड मोजतो तो अधिनियम सुरू झाल्यापासून, म्हणजे ३१ मार्च २००० पासून. त्याआधीच्या व्यवहाराला १९४९ चा आदेश, आणि त्यातही मालकाच्या लेखी परवानगीवाचून पोटभाडेकरू ठेवणे हे परवानगी मिळण्याचे एक कारण होतेच. मात्र त्या काळी लेखी परवानगीने ठेवलेला आणि २००० सालीही राहत असलेला पोटभाडेकरू कलम २५ खाली सुरक्षित आहे. मूळ भाडेकरूचा हक्क संपला तरी तो सरळ मालकाचा भाडेकरू होतो. कोणाच्या कपाटात वडिलांच्या वेळचे असे एखादे पिवळे पडलेले पत्र असेल तर ते जपून ठेवावे.

आपल्या भगिनींजवळ असे पत्र नाही. त्यांचा व्यवहार पाच वर्षांपूर्वीचा, तोंडी, मालकाच्या अपरोक्ष. तेव्हा घरमालकाविरुद्ध ‘आम्ही भाडेकरू आहोत’ असे म्हणण्याचा हक्क त्यांना नाही. एवढेच नव्हे, तर मूळ भाडेकरूविरुद्ध हुकूमनामा झाला की तो त्यांनाही बांधतो, मग दाव्यात त्यांना पक्षकार केलेले असो वा नसो. हे सर्वोच्च न्यायालयाने १९६४ मध्येच ठरवून टाकले आहे. नियमितपणे भाडे भरले हे खरे. पण ते ज्याला भरले त्याला घेण्याचा अधिकार नव्हता.

दुसरा प्रश्न किमतीचा. यात कायद्याची एक गंमत आहे. १९९९ च्या अधिनियमात ‘घरमालक’ या शब्दाची जी व्याख्या आहे, तिच्यात पोटभाडेकरूच्या संबंधापुरता मूळ भाडेकरूही घरमालक धरला आहे. अर्थात प्रमाण भाड्यापेक्षा अधिक घेण्याची मनाई त्यालाही लागू होते आणि कायदेशीर पोटभाडेकरू ‘माझे प्रमाण भाडे ठरवून द्या’ असा अर्ज न्यायालयाकडे करू शकतो. परंतु हा दिलासा आहे तो पुन्हा कायदेशीर पोटभाडेकरूला. ज्याचे राहणेच बेकायदेशीर, तो न्यायालयात जाऊन ‘या बेकायदेशीर व्यवहाराचा दर जास्त आहे’ असे कोणत्या तोंडाने म्हणणार? आणि म्हणाला, तर त्या अर्जानेच तो मूळ भाडेकरूविरुद्धचा सर्वांत मोठा पुरावा मालकाच्या हाती देऊन बसतो.

आपली मुले न्यूयॉर्कला शिकावयास जातात, म्हणून तिकडची रीत सांगतो. तेथेही भाडे नियंत्रणाखालील लाखो सदनिका आहेत. त्यांतील भाडेकरूला घरमालकाची लेखी परवानगी मागून काही काळ, चार वर्षांत अधिकात अधिक दोन वर्षे, जागा दुसऱ्यास देता येते. पण स्वतः जे कायदेशीर भाडे भरतो तेवढेच त्याने घ्यावयाचे. आपले सामानसुमान आत ठेवून दिले असेल तर वर १० टक्के. याहून जास्त घेतले तर पोटभाडेकरू त्या जादा रकमेच्या तिप्पट भरपाई मागू शकतो, आणि नफेखोरी केलेला मूळ भाडेकरू आपली जागाही गमावू शकतो. तिकडे पोटभाडे चालते, नफा चालत नाही. आपल्याकडे मालकाच्या संमतीवाचून पोटभाडेच चालत नाही, म्हणून नफ्याची गोष्ट कायद्याने वेगळी काढून फारशी बोललेली नाही. दोन्हींच्या मुळाशी विचार एकच दिसतो. कमी भाड्याची सवलत त्या माणसाला त्या जागेत राहता यावे, धंदा करता यावा म्हणून आहे. त्याला स्वतःला ती जागा नको झाली की सवलतीचे कारणच संपले.

यावर त्या वडीलधाऱ्या गृहस्थांचे म्हणणे काय असेल, ते मी न ऐकताही सांगू शकतो, कारण चाळीस वर्षांत ते शंभरदा ऐकले आहे. “आमच्या वडिलांनी त्या काळी पागडी दिली होती. पन्नास वर्षे जागा सांभाळली. आता मुलगा धरमपेठेत राहतो, आम्हीही त्याच्याकडे गेलो. खोल्या रिकाम्या ठेवायच्या का?” यात काहीच तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. पागडी ही वस्तुस्थिती होती. जुने कायदे ती घेणे गुन्हा मानीत, तरी ती सर्रास घेतली जाई. नव्या अधिनियमाने कलम ५६ मध्ये हे दांभिक वागणे संपवले. भाडेकरूने जागा सोडताना किंवा आपली भाडेदारी दुसऱ्याच्या नावे करून देताना मोबदला घेणे, आणि मालकाने भाडेदारी देताना, तिचे नूतनीकरण करताना किंवा अशा हस्तांतरास संमती देताना रक्कम घेणे, दोन्ही आता कायदेशीर आहे. म्हणजे त्या गृहस्थांना उजळ माथ्याने जाण्याची वाट होती. विश्वस्तांकडे जावयाचे, ‘मला जागा नको, अमुक कुटुंब यावयास तयार आहे’ असे सांगावयाचे, संस्थेला तिचा वाटा, आपल्याला आपला, आणि येणाऱ्याच्या हाती नोंदणीकृत करार. या वाटेने एकदाच पैसे मिळतात; दरमहा ८,७२० रुपये मिळत नाहीत. वाट का घेतली नाही, याचे कारण तेवढेच.

आणखी एक गोष्ट. व्रतांच्या चर्चेत आपण अदत्तादानाचा अर्थ न दिलेले घेणे असा सांगतो आणि मनात कुलूप फोडणारा चोर आणतो. संस्थेची जागा आपल्या वापरासाठी आपल्याला दिलेली असते. तिचे भाडे खाण्याचा हक्क दिलेला नसतो. यापेक्षा अधिक या विषयावर मी बोलत नाही. तो माझा प्रांत नव्हे.

वाचकांपैकी बहुतेक व्यापारी आहेत, त्यांच्या मनात एव्हाना खोल्या मागे पडून दुकान आले असेल. तेव्हा तिकडे वळतो, कारण हाच नियम दुकानाला लागला की त्याला अनेक फाटे फुटतात.

पोटभाडे सिद्ध व्हावयास दोन गोष्टी लागतात. तिसऱ्याचा जागेवर स्वतंत्र, अनन्य कब्जा, आणि त्याबद्दल मोबदला. पूर्वी मोबदला सिद्ध करणे कठीण जाई. रोख रक्कम कोण कोणाला देतो हे भिंतीलाही कळत नसे. सर्वोच्च न्यायालयाने भारत सेल्स विरुद्ध आयुर्विमा महामंडळ या १९९८ च्या निकालात ही अडचण ओळखली. असा व्यवहार मालकाच्या पाठीमागे गुपचूप होतो, तेव्हा अनन्य कब्जा दिसला आणि त्याचा समाधानकारक खुलासा झाला नाही, तर मोबदल्याचे अनुमान काढता येते. त्याआधी पंजाबकडील राजबीर कौर यांच्या प्रकरणात भाडेकरूने दुकानाच्या दर्शनी भागात एका आइस्क्रीमवाल्यास बसू दिले होते. एवढीशी जागा, पण न्यायालयाने ते पोटभाडेच मानले. दुकानाच्या ओट्यावर मोबाइलवाल्याला किंवा पानवाल्याला मासिक रकमेवर बसवणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. आता तर रक्कम मोबाइलवरून बँकेत येते आणि प्रत्येक महिन्याच्या नोंदीत ‘रूम रेंट’ असे देणाऱ्यानेच लिहिलेले असते. ‘पाहुणा म्हणून ठेवला आहे’ हे सांगण्याची सोय आता राहिली नाही.

भागीदारीचे कोडे याहून नाजूक. दुकान भाड्याचे, धंद्यात भांडवल हवे, म्हणून कोणी भागीदार घेतला तर तेवढ्याने पोटभाडे होत नाही. गोव्यातील सेलिना कोएल्हो परेरा यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली प्रसिद्ध झालेल्या निकालात हे नियम एकत्र बांधून दिले. भाडेकरू स्वतः धंद्यात आहे, जागेवर त्याचे नियंत्रण आहे, तोवर जागा त्याने सोडली असे होत नाही. परंतु भागीदारीचा कागद हा केवळ पडदा असेल तर न्यायालय तो बाजूला सारून आत पाहील. आत काय पाहतात? जीएसटीची नोंद कोणाची, बँक खात्यावर सही कोणाची, नफा-तोट्यात वाटा आहे की ठरलेली रक्कम दरमहा हातावर टेकवली जाते. नफा होवो वा तोटा होवो, ज्याला महिन्याला वीस हजारच मिळतात, तो भागीदार नव्हे. तो भाडे घेणारा आहे. कुटुंबातील मुलगा, पुतण्या दुकान चालवीत असेल तर घाबरण्याचे कारण नाही. भाडेकरू निवर्तला तेव्हा त्याच्या कुटुंबातील जो त्या जागेत धंदा करीत होता, त्याच्याकडे भाडेदारी जाते. जावयाने स्वतःच्या नावाने वेगळा धंदा मांडला असेल तर मात्र मालकाची संमती घेतलेली बरी.

आणि एक खाचखळगा हल्ली वारंवार दिसतो. चार्टर्ड अकाउंटंटच्या सल्ल्याने जुनी पेढी प्रायव्हेट लिमिटेड होते, दुकानावर नवी पाटी लागते, आणि भाडेपावती मात्र आजोबांच्या नावाने चालू राहते. कंपनी ही कायद्याने वेगळी व्यक्ती असते. शिलाई यंत्रांच्या सिंगर कंपनीचा अनुभव बोलका आहे. तिच्या येथील धंद्याचे एका भारतीय कंपनीत न्यायालयाच्या मंजुरीने विलीनीकरण झाले, दुकान तेच, यंत्रे तीच. तरीही २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जागेचा कब्जा दुसऱ्याकडे गेला असे ठरवून घरमालकाच्या बाजूने निकाल दिला. शिवाय ज्या कंपनीचे भरणा झालेले भागभांडवल १ कोटी किंवा अधिक आहे, तिला दिलेल्या जागेला महाराष्ट्राच्या अधिनियमाचे संरक्षणच नाही. कर वाचवताना दुकान जाऊ नये.

परत आपल्या भगिनींकडे येऊ. हक्क नाही म्हणजे माणूस वाऱ्यावर सोडलेला आहे, असे नव्हे.

कोणीही, मग ते संस्थेचे विश्वस्त असोत की ते गृहस्थ, त्यांना न्यायालयाच्या हुकुमावाचून बाहेर काढू शकत नाही. सामान रस्त्यावर ठेवले, कुलूप बदलले, तर विशिष्ट साहाय्य अधिनियम, १९६३ च्या कलम ६ खाली सहा महिन्यांच्या आत दावा करून कब्जा परत मिळवता येतो, आणि त्या दाव्यात मालकी कोणाची हा प्रश्न विचारला जात नाही. पाणी, वीज तोडण्याची धमकी आली असेल तर तीही बेकायदेशीरच. दावा दाखल झाला तर तो नागपुरात लघुवाद न्यायालयापुढे चालेल आणि एका तारखेत निकाली निघणार नाही, हेही खरे. परंतु ‘दावा दहा वर्षे चालेल, तोवर राहा’ असा सल्ला देणारे पुष्कळ भेटतील. तो घेऊ नये. त्या दहा वर्षांचा खर्च, ताण आणि शेवटी येणारा हुकूमनामा त्यांच्याच वाट्याला येईल.

अनामतीचा लाख रुपये मागण्याचा त्यांना पूर्ण अधिकार आहे. ‘बेकायदेशीर करार, म्हणून परतफेड नाही’ असा युक्तिवाद गृहस्थांचे वकील करतील. कराराचा कायदा मात्र ज्याला करार निरर्थक असल्याचे मागाहून कळले, त्याच्या बाजूने काही प्रमाणात उभा राहतो. लाभ घेतलेल्याने तो परत करावा असे तो सांगतो. म्हणून जागेचा मालक दुसरा आहे हे आपल्याला नोटीस येईपर्यंत ठाऊक नव्हते, ही वस्तुस्थिती त्यांनी आताच लेखी मांडावी आणि दिलेल्या रकमांच्या बँक-नोंदी काढून ठेवाव्यात. या महिन्यापासून पुढील रक्कम त्या गृहस्थांना देण्यापूर्वी वकिलाला विचारावे. नऊ हजारांपैकी जादा दिलेले सारे परत मिळेल, अशी आशा मी दाखवणार नाही.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, दावा उभा राहण्याआधी त्यांनी स्वतः विश्वस्तांकडे जावे. लपून राहिलेल्या पोटभाडेकरूला संस्था शत्रू समजते. समोर येऊन सत्य सांगणाऱ्या कुटुंबाशी बोलणी होऊ शकतात. मूळ भाडेकरूने जागा संस्थेला सोडून दिली, तर संस्था याच कुटुंबाला रास्त भाड्याने सरळ करार करून देऊ शकते. भाडे २८० असणार नाही, ९,००० ही असू नये. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ३६ प्रमाणे इमारतीचा भाडेपट्टा तीन वर्षांहून अधिक मुदतीचा असेल तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. त्यामुळे मुदत आधी नीट ठरवावी. करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा. कलम ५५ प्रमाणे नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे, आणि ती टाळली तर अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे खरे धरले जाते, जोवर उलट सिद्ध होत नाही.

विश्वस्तांनाही दोन शब्द. आपल्या संस्थेच्या वाड्यांत आज प्रत्यक्ष कोण राहते, याची यादी किती संस्थांजवळ आहे? भाडेपावत्यांवर पणजोबांची नावे आहेत आणि खोल्यांत तिसरीच माणसे, हे विश्वस्तांना ठाऊक असते; पण ज्यांच्याविषयी बोलावयाचे ते पुढच्या रांगेत बसलेले असतात. पाच-पन्नास रुपयांच्या पावत्या फाडत बसण्यापेक्षा एकदा घरोघर जाऊन नोंद करावी, वीजबिल कोणाच्या नावे येते ते पाहावे, आणि वापर संपलेल्या जुन्या भाडेकरूंशी कलम ५६ च्या चौकटीत प्रेमाने बोलणी करावीत. नोटिशीने सुरुवात केली की समाजात दोन तट पडतात, आणि ते तट दाव्याहून जास्त टिकतात. या प्रकरणातील विश्वस्तांनीही नोटीस देण्यापूर्वी माडीवर जाऊन पाहिले असते, तर तेथे त्यांना एक आई आणि शाळेत जाणारी दोन मुले भेटली असती.

आणि जे कोणी जुन्या वस्तीत जागा शोधत आहेत त्यांना सांगणे एवढेच की, अनामत देण्यापूर्वी महापालिकेच्या मालमत्ता कराची चालू पावती पाहावयास मागावी. पावतीवरील नाव आणि समोर बसलेल्या गृहस्थांचे नाव निराळे असेल, तर मालकाचे लेखी संमतिपत्र मागावे. ‘आपण घरचेच’ हे उत्तर आले, तर चहा घेऊन उठावे. पोटभाड्याने मिळालेली रक्कम आयकरात घराचे उत्पन्न म्हणून नव्हे, तर इतर मार्गांचे उत्पन्न म्हणून दाखवावी लागते, हे घेणाऱ्यांनीही ध्यानात ठेवावे. खात्याची नोटीस संस्थेच्या नोटिशीमागून येऊ शकते.

भगिनींनी पत्रासोबत नोटिशीची प्रत पाठवली आहे. तिच्यातील उत्तराची मुदत संपत आली आहे. त्यांनी या अंकाची वाट न पाहता वकील गाठावा, असे मी त्यांना स्वतंत्रपणे कळवले आहे.